घरखर्चाची वही : भीतीचा किराणा

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती : कोरोनाच्या दिवसांत घरात शिरलेले कोणते खर्च तुमच्या वहीत अजून ठाण मांडून आहेत, ते कळवा. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काहींनी 2020 च्या वहीच्या पानांचे फोटोच पाठवले. एका पानावर 'मास्क 40, लिंबं 60, पत्त्यांचा कॅट 50' असं एकाखाली एक लिहिलंय. अख्खा एप्रिल त्या तीन ओळींत आला. चार पत्रं आणि एक पोस्टकार्ड निवडलंय. नावं गाळली आहेत, कारण एका पत्रात सासूबाई आहेत, एका पत्रात बायकोचं गाऱ्हाणं आहे, आणि ही मंडळीही हा अंक वाचतात.

प्रश्न : काकू, आमच्या घरी पाच माणसं. पूर्वी महिन्याचा किराणा महिन्याला यायचा. कर्फ्यूनंतर सासूबाईंनी तीन-तीन महिन्यांचा भरायला सुरुवात केली, ती अजून चालूच आहे. सियागंजच्या घाऊक बाजारातून रिक्षा भरून सामान येतं. तेलाचे मोठे डबे दोन, तूरडाळ दहा किलो, रवा, बेसन, शेंगदाणे, मिठाच्या पिशव्यांची तर थप्पी. वर माळ्यावर सॅनिटायझरचे कॅन. गेल्या पावसाळ्यात डाळीत भुंगे आणि रव्यात जाळी झाली. बोलले की म्हणतात, "तेव्हा हेच कामाला आलं होतं." हे म्हणतात, आईला दुखवू नकोस. वीस तारखेनंतर माझ्या हातात भाजीलाही पैसे उरत नाहीत. काय करू?
— एक सून, सुदामानगर, इंदूर

उत्तर : अगं, आधी सासूबाईंचं वकीलपत्र घेते, मग तुझं.

देशाचा लॉकडाऊन 25 मार्च 2020 ला लागला. इंदुरात त्याहून कडक होतं. मार्चअखेरीस काही दिवस तर दूध-भाजीही बंद होती. किराण्याची दुकानं उघडत नव्हती, आणि पुढे अशी सोय झाली की सकाळी कचरागाडीबरोबर येणाऱ्या माणसाच्या हाती यादी द्यायची, सामान मागाहून घरी येईल. आमच्या गल्लीत यादीत पाव किलो चहापत्ती लिहिली तर शंभर ग्रॅम यायची, तीही भलत्याच कंपनीची, आणि तरी आम्ही खूश. तुझ्या सासूबाईंनी महागाई पाहिली असेल, रेशनच्या रांगा पाहिल्या असतील. पण पर्समध्ये पैसे आहेत, दुकान कोपऱ्यावर आहे आणि तरीही डाळ मिळत नाही, हे त्यांनी त्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. असं एकदा पाहिलेल्या बाईला 'आता सगळं मिळतं' हे सांगून पटत नाही.

आणि साठवण हे माळव्यातल्या घरांना नवं नाही. एप्रिल-मे आला की वर्षाचा गहू. लोकवन घ्यायचा की शरबती, कोणाच्या शेतावरचा घ्यायचा, यावर दोन संध्याकाळी चर्चा. मग चाळणं, निवडणं, एरंडेल लावणं, कोठीत भरणं. मिरच्या, हळद, धणे त्याच सुमाराला. 2020 मध्ये नेमका हाच हंगाम कर्फ्यूत बुडाला. ज्यांच्या कोठीच्या तळाशी जुना गहू होता ते तरले. बाकीच्यांनी पिठाच्या पिशव्या मिळतील त्या भावाने घेतल्या.

एवढंच नाही, एकदा सासूबाई हिशेबातही जिंकल्या आहेत. 2020 च्या उन्हाळ्यापासून 2021 च्या उन्हाळ्यापर्यंत खाद्यतेल भडकलं. सोयाबीन तेल जवळपास दीडपट झालं, आणि ते सोयाबीनच्या या आपल्या मुलखात. ज्यांच्या घरात आदल्या वर्षीचे डबे होते त्यांचे हजार-दोन हजार सहज वाचले. सासूबाईंना ते पक्कं आठवत असणार.

आता तुझी बाजू. सियागंजात घाऊक घेतल्याने समज डाळीत किलोमागे 8 रुपये वाचले. दहा किलोंचे 80. त्यातली दीड किलो डाळ किडली आणि भाव 150 धरला, तर 225 गेले. रिक्षाचं भाडं वेगळं. म्हणजे घाऊक घेऊन महाग पडली. आणि यात सगळ्यांत मोठी गोष्ट धरलीच नाहीये : तुझे पैसे डब्यात अडकले आहेत, म्हणून वीस तारखेनंतर भाजी उधारीवर येते. महिन्याच्या शेवटी घरात डाळ भरपूर आणि कोथिंबिरीला पैसे नाहीत, हे काही चांगलं चालणारं घर नव्हे.

तेव्हा साठा बंद कर असं सांगू नकोस, त्याला माप लाव. गहू वर्षाचा राहू दे. कोठीच्या किल्ल्या, निवडणं, एरंडेल सगळं सासूबाईंकडे. मीठ-साखर कोरडी ठेवली तर कुठे जात नाही, तिथे वाद घालू नकोस. डाळ उन्हाळ्यात ऊन दाखवून तीन महिन्यांची चालेल, पण जून ते सप्टेंबर फक्त महिन्याची. रवा, बेसन, मैदा, शेंगदाणे पंधरा दिवसांपुरते. रवा आला की भाजूनच डब्यात जावा. शेंगदाणे खवट झाले की त्यांचा कूट भाजीत घालून संपवू नकोस, टाकून दे. तेलाचा एक डबा वापरात आणि एक सीलबंद, बस. उघडलेला मोठा डबा पाच माणसांत महिना-दीड महिन्यात संपला पाहिजे.

आणि एक काम आजच कर. डॉक्टरांच्या टेपसारखी कागदी चिकटपट्टी आण, प्रत्येक डब्याच्या झाकणावर लाव आणि पेनाने भरल्याची तारीख टाक. नवा डबा मागे, जुना पुढे. माझ्या आईकडे हेच खडूने व्हायचं. ती कोठीच्या पत्र्यावर 'वैशाख' लिहायची. सासूबाईंना सांग की तारखा तुम्हीच घाला, माझं अक्षर वाईट आहे. तीन महिन्यांनी कुठल्या डब्यावरची तारीख जुनीच राहिली ते त्यांना स्वतःला दिसेल. तुला काही बोलावं लागणार नाही.

माळ्यावरचे सॅनिटायझरचे कॅन मात्र आजच उतरव. त्यात बहुतेक अल्कोहोल असतं, ते पेट घेतं. माळा स्वयंपाकघरावर असेल तर मला हे वाचूनच धस्स होतंय. तारीख उलटली असेल तर ठेवायचं कारणही नाही. हात धुवायला साबण-पाणी तेवढंच चांगलं.

साफसफाईवरून आठवलं. साथ आली की घरं खर्च कुठे करतात, याची एक इंदुरी गोष्ट आहे. प्लेगने हे शहर पुन्हापुन्हा रिकामं केलेलं. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं. त्यांचा अहवाल 1918 चा. त्यांनी दवंडी पिटवली की दिवाळीची मिरवणूक त्याच रस्त्यांवरून जाईल जिथली घरं सगळ्यांत स्वच्छ आणि डागडुजी केलेली असतील. लोकांनी चुना, झाडू, बैलगाड्या यांवर पैसे घातले, वर्षानुवर्षांचा कचरा गाडाभर-गाडाभर बाहेर काढला, आणि मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा निघाली. नगररचनेच्या पुस्तकांत ही गोष्ट अजून सांगतात. भीतीचाच खर्च तो, पण भिंतींना लागला. माळ्यावरच्या कॅनने काय केलं?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. 2020 पासून आमच्या घरी च्यवनप्राश, गुळवेलीचा रस, काढ्याची पुडी आणि दोन प्रकारच्या 'इम्युनिटी'च्या गोळ्या येतात. महिन्याचे दीड-दोन हजार. मला मधुमेह आहे. हिची ठाम समजूत अशी, की हे घेतो म्हणून आजारी पडत नाही. बंद करावं तर भांडण, चालू ठेवावं तर खर्च.
— एक निवृत्त शिक्षक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : गुरुजी, वहिनींशी भांडू नका. सगळ्या बाटल्या एका पिशवीत घाला आणि पुढच्या तपासणीला तुमच्या साखरेच्या डॉक्टरांपुढे ओता. च्यवनप्राशात साखर किती असते हे बरणीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. चष्मा लावून एकदा वाचाच. गुळवेलीबद्दल सांगते : 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली, आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही. तो वाद तज्ज्ञांचा. पण ज्या गोष्टीवर तज्ज्ञ भांडतात ती सहा-सहा वर्षं डॉक्टरांना न सांगता रोज पिऊ नये, एवढं तर आपल्याला कळतं.

काढा हवाच असेल तर 2020 मध्ये आयुष मंत्रालयाने सांगितला होता तो तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुकांचा होता. हे सगळं तुमच्या मसाल्याच्या डब्यात आहे (मनुका तुम्ही गाळा). पुडीचे पैसे पुडीच्या चित्राला जातात. वाचलेल्या दीड हजारात दोघांना महिनाभर पपई, पेरू, पालेभाज्या येतात. ऑक्सिमीटर असेल तर ठेवा, फक्त सेल काढून. आत सेल गळून ते यंत्र मेलेली किती घरं मी पाहिली आहेत.

पोस्टकार्ड : "2020 च्या वहीत सगळ्यांत जास्त वेळा आलेला शब्द : पारले-जी. आम्ही इतके बिस्किटखाऊ कधीच नव्हतो. हे आमचंच झालं का?"
— तिलकनगर, इंदूर

उत्तर : छे हो. त्या लॉकडाऊनमध्ये पारले-जीचा खप विक्रमी झाला होता. स्वस्त, टिकाऊ, चहात बुडवायला उत्तम, आणि पायी निघालेल्या माणसांना वाटायलाही सोपं. पोहे-जिलबीची दुकानं बंद असताना इंदूरकर सकाळी दुसरं काय करणार होता?

प्रश्न : ताई, एप्रिल 2021 मध्ये बाबांना ॲडमिट करावं लागलं. एका खासगी हॉस्पिटलने आधी रोख अनामत मागितली. रात्री अकराला एटीएम शोधत फिरलो. कुठे पैसे नाहीत, कुठे रोजची मर्यादा संपलेली. शेवटी मेव्हण्याने आणून दिले. पुढे बायकोच्या बांगड्यांवर कर्ज काढलं, पीएफमधून उचल घेतली. बाबा वाचले, आता 74 वर्षांचे आहेत. कर्जं फेडून झाली. पण तेव्हापासून मी कपाटात दीड लाख रोख ठेवतो. बायको म्हणते, हा वेडेपणा आहे, बँकेत टाका. आणि खरं सांगतो, खर्च करायचा म्हटलं की हात थरथरतो. फ्रिज बारा वर्षांचा आहे, तोही बदलवत नाही. किती रोख घरात असावी?
— वय 41, वैशालीनगर, इंदूर

उत्तर : मी तेव्हा बँकेत काउंटरवर होते, म्हणून तुमचं पत्र दोनदा वाचलं.

पहिली गोष्ट, तुम्ही एकटे वेडे नाही. 2020-21 या वर्षात देशात चलनातल्या नोटांचं मूल्य जवळजवळ 17 टक्क्यांनी वाढलं. बाजार बंद, लग्नं बंद, आणि नोटा मात्र वाढल्या, गेल्या कुठे? कपाटांत. हॉस्पिटलं रोख मागत होती हेही खरं. इतकं खरं, की एरवी कोणालाच दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, त्या नियमातून आयकर खात्याने कोविडचे उपचार करणाऱ्या हॉस्पिटलांना 1 एप्रिल ते 31 मे 2021 पर्यंत सूट दिली होती. सोन्यावर किमतीच्या 75 टक्क्यांऐवजी 90 टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभाही रिझर्व्ह बँकेने आदल्या ऑगस्टमध्ये दिली होती, मार्च 2021 पर्यंत. ती मुदत संपली आणि दुसऱ्याच महिन्यात लोक बांगड्या घेऊन आले.

पण काउंटरवरून मला जे दिसलं ते थोडं वेगळं होतं. पैसे नाहीत म्हणून अडलेली माणसं होतीच. पैसे आहेत आणि तरी अडलेली माणसं त्याहून जास्त होती. एक बाई नवऱ्याचं पासबुक, एटीएम कार्ड, आधार, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आली होती. खात्यात चांगले चार-साडेचार लाख. खातं एकट्या नवऱ्याच्या नावाचं, पिन फक्त त्याला ठाऊक, आणि तो व्हेंटिलेटरवर. ती पुन्हापुन्हा पासबुकातला शेवटचा आकडा काचेला लावून दाखवत होती, आणि आम्हाला नियमाने त्यातला एक रुपया तिच्या हातावर ठेवता येत नव्हता. नॉमिनी तीच होती. पण नॉमिनीचा हक्क खातेदार गेल्यावर सुरू होतो, खातेदार आजारी पडल्यावर नाही. हे काचेपलीकडच्या बाईला त्या वेळी समजावून सांगणं काय असतं, ते जाऊ द्या.

तेव्हा कपाटातल्या दीड लाखापेक्षा आधी हे बघा : बाबांचं खातं कोणाच्या नावाचं आहे? तुमचं? बायकोचं? प्रत्येक खात्यात दुसरं नाव घाला आणि 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कोणीही काढू शकेल, असं करून घ्या. फॉर्म एक पानाचा आहे, दोघांनी एकदा शाखेत जायचं, केवायसीचे कागद न्यायचे. नॉमिनी वेगळा लिहायचाच. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. बाबांच्या पेन्शनखात्यात आईचं नाव आहे का, तेही विचारा. आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा : कोणत्या बँकेत काय आहे, विम्याचा नंबर, एजंटाचा फोन. पिन लिहू नका, पण बायकोला माहीत असू द्या. बायकोला पिन सांगायला पुरुषांना का जड जातं हे मला पस्तीस वर्षांच्या नोकरीत कळलं नाही.

आता रोख. घरात पंधरा-वीस हजार, शंभर-दोनशे-पाचशेच्या नोटांत. रिक्षा, औषधं, रात्रीची धावपळ यांना तेवढी पुरते. एकच पाकीट, एकच जागा, दोघांना ठाऊक. त्यातून उसने काढायचे नाहीत, काढले तर चिठ्ठी टाकायची. बाकीच्यांतले पन्नास हजार बचत खात्यात, कार्डं दोघांकडे. उरलेल्यांची एफडी, मोबाइलवरून मोडता येते तशी, दोघांच्या नावावर. दीड लाख कपाटात ठेवून वर्षाला 6 टक्क्यांनीही 9 हजारांचं व्याज बुडतं. तुमच्या फ्रिजचा एक तृतीयांश दरवर्षी त्या कपाटात विरघळतोय. आणि घरातली रोखसुद्धा निर्धास्त नसते. मे 2023 मध्ये 2000 ची नोट मागे घेतली तेव्हा साड्यांच्या घड्यांतून कितीतरी पाकिटं बाहेर आली आणि बदलून घ्यायला रांगेत उभी राहिली. बँकेत ठेवायची भीती वाटत असेल तर तिथे 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, फेब्रुवारी 2020 पासून. त्याआधी तो 1 लाखाचाच होता.

क्रेडिट कार्डाला नाक मुरडू नका. हॉस्पिटलच्या अनामतीला ते रात्री अकरालाही चालतं. फक्त बिल आलं की पूर्ण भरायचं, 'किमान रक्कम' या दोन शब्दांकडे बघायचंही नाही.

आणि मुख्य म्हणजे विमा. तुम्ही त्या वेळी कोरोना कवच घेतलं असेल तर ते कधीच संपलं. जुलै 2020 मध्ये आलेल्या त्या पॉलिसींची मुदतच साडेतीन, साडेसहा किंवा साडेनऊ महिन्यांची होती. बरेच लोक अजून 'आमचा कोरोनाचा विमा आहे' म्हणून निश्चिंत असतात. तुम्हा नवरा-बायकोला आणि मुलांना साधा आरोग्य विमा घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. बाबा 74 चे आहेत, म्हणजे त्यांचं आयुष्मान कार्ड निघतं. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात; आई-बाबा दोघं सत्तरीपुढचे असतील तर ते 5 लाख दोघांत मिळून. आधार कार्डावर काम होतं. मात्र ते योजनेतल्या हॉस्पिटलांतच चालतं, म्हणून घराजवळचं कोणतं त्यात आहे ते आत्ताच विचारून त्या दारावरच्या कागदावर लिहा. पीएफच्या त्या कोविड उचलीवर पुन्हा विसंबू नका, ती सोय 2024 मध्ये बंद झाली. तेव्हा काढलेले पैसे मात्र हळूहळू परत भरायला हवेत. पीएफमध्ये जास्तीची वर्गणी घालता येते का, ऑफिसात विचारा, नाहीतर पीपीएफ आहेच.

फ्रिज घ्या. बारा वर्षांच्या फ्रिजचं विजेचं बिल तुम्ही दर महिन्याला भरताच आहात. हात थरथरला तर बायकोला पैसे द्यायला सांगा, पिन तिला माहीत असेलच आता.

प्रश्न : आम्ही दोघंच, मुलं पुण्याला. 2020 मध्ये कामवाली बाई बंद केली आणि मग भांड्यांचं मशीन घेतलं. त्या वर्षी पेन्शनमधून महिन्याला वीस हजार शिल्लक पडत होते. आता पाचही पडत नाहीत, वायफळ खर्च वाढला आहे. त्यात सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात, त्या म्हणतात बाई लावा. माझं म्हणणं, इतकी वर्षं निभावलंच की! आपला कौल द्यावा.
— रामचंद्रनगर, इंदूर

उत्तर : कौल सौभाग्यवतींच्या बाजूने. कारणं खाली देते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की बाईने बाईची बाजू घेतली.

ते वीस हजार तुम्ही वाचवले नव्हते, ते खर्च करायला दारं उघडी नव्हती. साऱ्या देशाचं तसंच झालं. रिझर्व्ह बँकेच्या अंदाजाने एप्रिल ते जून 2020 या तीन महिन्यांत घरांची आर्थिक बचत जीडीपीच्या 21 टक्क्यांवर गेली होती आणि पुढच्याच तिमाहीत निम्मी होऊन 10 टक्क्यांच्या आसपास आली. दुकानं उघडली, लोक बाहेर पडले. (त्या तीन महिन्यांत जीडीपीच जवळजवळ चोवीस टक्क्यांनी आपटला होता, त्यामुळेही तो 21 चा आकडा फुगलेला दिसतो.) देशाने ती बचत टिकवली नाही आणि तुमच्याकडूनही टिकणार नव्हती.

त्या वर्षीची वही काढा आणि जे लिहिलेलं नाही ते वाचा. पुण्याची तिकिटं नाहीत. पेट्रोल नाही. एकही आहेर नाही. सराफ्यात रात्रीचा भुट्ट्याचा कीस नाही, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत चक्कर नाही, गणपतीची वर्गणी अर्धी. दाताची कवळी पुढे ढकलली असेल, मोतीबिंदू पुढे ढकलला असेल. ती बिलं 2022-23 च्या पानांवर सापडतील. यातलं काय तुम्हाला पुन्हा बंद करायचंय? नातवाला भेटणं? 2020 हे तुलनेचं वर्षच नाही. 2019 ची वही घ्या, महागाई धरा, आणि मग वायफळ काय ते शोधा. मला वाटतं, सापडलंच तर ते घरपोच मागवण्याच्या सवयीत सापडेल. ऑक्टोबर 2020 मध्ये यूपीआयचे व्यवहार पहिल्यांदा महिन्याला दोनशे कोटींपलीकडे गेले, ऑगस्ट 2023 मध्ये हजार कोटींपलीकडे. वीस-तीस रुपयांच्या त्या 'टिंग'ची नोंद कोणी वहीत करत नाही. एक वेगळं छोटं खातं त्यालाच जोडा, महिन्याला ठरावीक रक्कम टाका. संपली की संपली.

आता बाई आणि मशीन. मशीन भांडी घासतं. फरशी पुसत नाही, कढईचं करपलेलं काढत नाही, कपडे वाळत घालत नाही. मीठ, गोळ्या, वीज, आणि भांडी आधी विसळून आत लावायला कमरेत वाकतं कोण, तर सौभाग्यवती. तुम्ही 'निभावलं' असं लिहिलंय; त्या वाक्याचा कर्ता कोण, ते घरात एकदा विचारा. बाईच्या पगाराचे वाचलेले पैसे गुडघ्यांच्या डॉक्टरकडे जात असतील तर ती शिल्लक नव्हे.

त्या वेळी पुष्कळ कॉलन्यांनी बायकांना गेटवरच थांबवलं होतं. काही घरांनी काम बंद ठेवूनही पगार चालू ठेवला. बऱ्याच घरांनी 'नंतर बघू' म्हटलं. सरकारने जनधन खात्यांत बायकांना एप्रिल ते जून 2020 असे महिन्याला 500 रुपये टाकले, रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत दिलं. दोन-तीन घरची भांडी सुटलेल्या बाईचं भाडं काही त्यातून निघत नव्हतं. तुम्ही तेव्हा काय केलंत ते पत्रात नाही, आणि मी विचारणारही नाही. पण तीच बाई परत यावी अशी इच्छा असेल तर तिला ते आठवत असणार, हे धरून चला.

बोलवाल तेव्हा सौभाग्यवतींना बोलू द्या. 2019 चा दर सांगू नका. शेजारी आज काय देतात ते आधी विचारून घ्या आणि त्यापेक्षा शंभर-दोनशे जास्त सांगा, कारण तुमच्याकडे दुसरा मजला आहे की नाही मला माहीत नाही, पण रामचंद्रनगरात बहुतेकांकडे असतो. महिन्याच्या सुट्ट्या आणि दिवाळीचा बोनस आधी ठरवा. आजारी पडली तर पगार कापायचा नाही, हेही तिच्यासमोरच सांगून टाका. मशीन राहू दे. दिवाळीत मुलं आली की एका रात्रीत जेवढे पेले आणि वाट्या पडतात, तेवढ्यापुरतं ते चांगलंच आहे.